‘कामी येणे’ : घोडखिंडीच्या कथनांतील हरवलेली बाजू

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला लाखांदूर तालुका हा झाडीपट्टीचा भाग. चुलबंद नदी येथूनच वाहत जाऊन वैनगंगेला मिळते आणि वैनगंगेपलीकडे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर आहे. धान घरात आले, दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीवर आज सामाजिक नाटकांचा भर असला, तरी ऐतिहासिक नाटकांची परंपराही तिला आहे. हा प्रदेश शिवकालीन स्वराज्याच्या सीमेत कधी नव्हता. तो पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. तरीही बाजीप्रभू देशपांडे आणि घोडखिंड ही नावे येथील शाळकरी मुलालाही परकी नाहीत. सह्याद्रीतील एका खिंडीचा प्रसंग शेकडो मैलांवरच्या धानाच्या मुलखात आपला वाटावा, हे मराठी वाङ्मयाने, पाठ्यपुस्तकांनी आणि रंगभूमीने केलेले काम आहे.

प्रश्न असा की, या वाङ्मयाने तो प्रसंग पोचवला तो कोणत्या रूपात? लाखांदूरच्या विद्यार्थ्याला घोडखिंडीविषयी विचारले, तर तो बाजीप्रभूंचे मरण सांगेल. त्या मरणामुळे कोण वाचले, एवढेही सांगेल. पण बाजींसोबत कोण होते, पुढे गेलेल्यांनी काय केले, मागे राहणारे आणि पुढे जाणारे यांच्यात कोणता करार झाला होता, हे तो क्वचितच सांगेल. हा दोष विद्यार्थ्याचा मानता येत नाही. चंदावलीचे, म्हणजे सैन्याची पिछाडी राखणाऱ्यांचे शौर्य सांगताना मराठी साहित्यदृष्टीने मरणाला केंद्रस्थानी आणले आणि ज्यासाठी ते मरण पत्करले गेले ते काम कडेला सारले. हा झुकाव तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१

प्रथम प्रसंग. १६६० च्या मार्चपासून शिवाजी महाराज पन्हाळ्यावर होते आणि आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला होता. पावसाळा आला तरी वेढा उठेना. त्याच सुमारास शाएस्तेखान पुण्यात येऊन बसला होता. दोन्हीकडून कोंडी झाली असता आषाढी पौर्णिमेच्या रात्री, १२ जुलै १६६० रोजी, महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह गडावरून निसटले. शिवा काशीद हा नाभिक समाजातील तरुण महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. फसवणूक लक्षात येताच सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. गजापूरच्या वाटेवरील घोडखिंडीत बाजीप्रभू बांदलांच्या जमावानिशी थांबले. परंपरा त्यांची संख्या तीनशे सांगते. उरलेल्यांना घेऊन महाराज विशाळगडाकडे गेले. त्या गडालाही शृंगारपूरचे सुर्वे आणि पालवणीचे दळवी यांचा वेढा पडलेला होता. तो फोडून महाराज गडावर पोचले आणि तोफांचे बार झाले. तोवर खिंड राखली गेली होती. बाजीप्रभू पडले, त्यांचे बंधू फुलाजी पडले, अनेक बांदल पडले. बाजी आणि फुलाजी यांच्या समाधी विशाळगडावर आहेत. घोडखिंडीची पावनखिंड झाली ती या रक्तामुळे.

या प्रसंगाचे जे तपशील आज सर्वतोमुखी आहेत, त्यांतील पुष्कळसे नंतरच्या बखरींतून आणि त्याहूनही नंतरच्या कथनांतून आलेले आहेत. समकालीन नोंदी त्रोटक आहेत. बाजींच्या तोंडी घातले जाणारे संवाद, तोफांची संख्या, जखमांचे वर्णन यांची छाननी इतिहाससंशोधकांनी करावी. साहित्याच्या अभ्यासकापुढचा प्रश्न वेगळा आहे. परंपरेने हा प्रसंग ज्या आकृतिबंधात जपला, त्या आकृतिबंधाचा अर्थ काय?

तो अर्थ नीट लागत नाही याचे पहिले कारण भाषेतच आहे. मराठीत ‘माघार’ या शब्दाला लाजेची छटा आहे. पाठ दाखवणे, पाय काढणे, शेपूट घालणे हे सारे वाक्प्रचार एकाच दिशेने बोट दाखवतात. आणि पन्हाळ्याहून विशाळगडाकडे झालेली हालचाल ही शुद्ध माघार होती. तिच्या शेवटी विजय नव्हता. त्याच वर्षी पन्हाळा तहाने आदिलशाहीकडे गेला. तो पुन्हा स्वराज्यात आला १६७३ मध्ये. घोडखिंडीत एक गावही जिंकले गेले नाही. तेथे मिळाला तो केवळ वेळ, काही घटकांचा. त्या घटकांचे मोल पुढच्या वर्षांत कळते : १६६३ चा लाल महाल, १६७४ चा राज्याभिषेक. माघारीची लाज वाटणारी भाषा हे मोल सांगायला अपुरी पडते. मग ती एक सोपा मार्ग शोधते. माघार झाकते आणि मरण उजळते.

२

मराठी अध्यापनात तानाजी मालुसरे, मुरारबाजी देशपांडे आणि बाजीप्रभू ही तीन नावे बहुधा एका श्वासात घेतली जातात. तिघांसाठी ‘बलिदान’ हा एकच शब्द वापरला जातो, आणि दोन बाजींची गल्लत तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून सर्रास आढळते. वस्तुतः ही तीन वेगळी कृत्ये आहेत. १६७० मध्ये तानाजी गड घेण्यासाठी चढून गेले. ते आक्रमण होते. १६६५ मध्ये मुरारबाजी पुरंदरच्या वेढ्यात शत्रूवर तुटून पडले. ती वेढलेल्या गडाची झुंज होती. बाजीप्रभूंनी काही घेतले नाही, आपली जागाही कायमची राखायची नव्हती. त्यांना ठरावीक वेळेपर्यंत ती राखायची होती आणि ती वेळ दुसऱ्या कोणाच्या चालण्यावर अवलंबून होती. चंदावलीच्या शौर्याचे हेच वैशिष्ट्य आहे. त्याचे माप रणांगणावर सापडत नाही, ते दूर गेलेल्यांच्या पावलांत सापडते.

जुन्या मराठीला हे कळत होते असे म्हणायला आधार आहे. लढाईत मेलेल्या माणसाबद्दल बखरींची आणि कागदपत्रांची भाषा ‘कामी आला’ किंवा ‘कामास आला’ असे म्हणते. त्याच्या जोडीला ‘खर्ची पडला’ आणि ‘धारातीर्थी पडला’ असेही प्रयोग आहेत. यांतील ‘धारातीर्थी’ हा शब्द मरणाला पुण्याची जोड देतो. परंतु ‘कामी येणे’ हा प्रयोग कमालीचा कोरडा आणि म्हणूनच अचूक आहे. त्यात मरणारा माणूस एखाद्या कामाशी बांधलेला आहे. काम म्हटले की ते कोणासाठी, कशासाठी, पुरे झाले की नाही, हे प्रश्न आपोआप येतात. ‘खर्ची पडणे’ तर हिशेबाचाच शब्द आहे. खर्च पडला तर जमेच्या बाजूला काय, हे विचारणे ओघाने आलेच.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘हुतात्मा’ हा शब्द रूढ झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने तो घरोघरी नेला. या शब्दाची योग्यता नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातील रूपक यज्ञाचे आहे. हवनात आहुती पडते. ती अग्नीत पडणे हेच तिचे सार्थक. तेथे आहुती आणि देवता एवढीच दोन पदे उरतात. ज्यांच्या वाटेवर पाठलाग येऊ नये म्हणून कोणी थांबले, त्या सोबत्यांना या रूपकात जागा नाही. ‘कामी येणे’पासून ‘हुतात्मा’पर्यंतच्या प्रवासात मराठी भाषेने गांभीर्य मिळवले, पण सोबती गमावले. शब्द बदलला की कथनाची चौकटही बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

३

तौलनिक दृष्टीने पाहता घोडखिंडीच्या कथनाचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. पिछाडीच्या शौर्याची युरोपीय परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कथा रोलाँची. ७७८ मध्ये शार्लमान राजा स्पेनमधून परतत असता पिरेनीज पर्वतातील राँसव्हो येथे त्याच्या पिछाडीवर हल्ला झाला. इतिहासात हल्ला करणारे वास्क होते. सुमारे तीन शतकांनी रचल्या गेलेल्या फ्रेंच वीरकाव्यात ते सारासेन झाले. त्या काव्यात रोलाँजवळ एक शिंग आहे. ते फुंकून राजाला परत बोलाव, असे त्याचा मित्र ऑलिव्हर सांगतो. रोलाँला त्यात कमीपणा वाटतो. अखेरीस तो शिंग फुंकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. राजा परततो, पण प्रेते पाहण्यासाठी आणि सूड घेण्यासाठी.

घोडखिंडीच्या परंपरेतही एक खूण आहे, तोफांच्या बारांची. पण तिची दिशा उलट आहे. रोलाँच्या कथेत मागचा पुढच्याला खूण करतो. घोडखिंडीत पुढचा मागच्याला करतो. शिंगाचा अर्थ ‘परत या’ असा. तोफेचा अर्थ ‘आम्ही पोचलो, तुमचे काम झाले’ असा. फ्रेंच काव्याचा गाभा वीराच्या अभिमानाचा आणि त्याच्या उशिराच्या जाणिवेचा आहे. मराठी परंपरेचा गाभा वचनाचा आहे. वचन एकतर्फी नसते. बाजींनी ‘तुम्ही पोचेपर्यंत खिंड राखतो’ असे म्हणायचे, तर महाराजांनी ‘पोचताच कळवतो’ असे म्हणायचे. मागे राहणाऱ्यावर थांबण्याचे ऋण, पुढे जाणाऱ्यावर पोचण्याचे ऋण. तोफांचा तपशील ऐतिहासिक कसोटीवर कितपत उतरतो हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी लोकपरंपरेला हा तपशील आवश्यक वाटला आणि तिने तो सोडला नाही, ही वाङ्मयीन वस्तुस्थिती आहे. परंपरेने करार पाहिला होता.

म्हणूनच पुढे गेलेल्यांच्या वाटचालीकडे झालेले दुर्लक्ष खटकते. विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे-दळवींचा वेढा होता. रात्रभर पावसात चाललेल्या, दमलेल्या माणसांना तेथे दुसरी लढाई करावी लागली. ती हरली असती तर खिंडीतील सारे मरण व्यर्थ गेले असते. पोचणे हेही कर्तृत्व होते. बहुतेक कथनांत मात्र हा भाग दोन-चार वाक्यांत उरकला जातो आणि लेखणी घाईने खिंडीकडे परतते, कारण तेथे मरण आहे.

दुसरी कथा थर्मोपिलीची. इ. स. पू. ४८० मध्ये लिओनिदासने बहुतेक मित्रसैन्याला परत पाठवले आणि तीनशे स्पार्टनांसह तो खिंडीत थांबला. पण त्याच्यासोबत थेस्पिया या लहानशा नगराचे सातशे सैनिकही स्वेच्छेने थांबले आणि मेले. हिरोडोटसने त्यांची नोंद केली. तरी जगाच्या स्मरणात राहिले ते ‘तीनशे’. थेस्पियाच्या लोकांचे स्मारक त्या जागी उभे राहायला १९९७ साल उजाडले. एकदा कथनाची चौकट ठरली की तिच्यात न बसणारी माणसे अडीच हजार वर्षे बाहेर थांबू शकतात, हे यावरून ध्यानात येते.

४

मराठी कथनांतून बाहेर राहिलेली माणसे म्हणजे बांदल. बाजीप्रभू हे मूळचे हिरडस मावळातील बांदलांकडचे देशपांडे. खिंडीत लढला तो बांदलांचा जमाव. या जमावाची आठवण शिवकाळाने कशी ठेवली, याचे उत्तर जेधे करीन्यात मिळते. मानाचे पहिले पान जेध्यांकडे होते. घोडखिंडीनंतर तो मान बांदलांना दिला गेला आणि जेध्यांनी त्याला संमती दिली. साहित्याच्या अभ्यासकाने या नोंदीशी थांबायला हवे. राज्याने केलेला हा गौरव समूहाचा होता. ज्यांची नावे कोणत्याही कागदावर आली नाहीत, त्यांच्या घराण्याला आणि गोताला तो मान मिळाला. एका घराण्याने आपला मान खाली ठेवून दुसऱ्याला जागा करून दिली, हेही त्यात आले. शौर्याचे मोजमाप करण्याची ही पद्धत आधुनिक साहित्याच्या पद्धतीपेक्षा अधिक प्रगल्भ होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

आधुनिक साहित्याने काय केले? शिवकालीन पोवाड्यांतील सर्वांत परिचित दोन, म्हणजे अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा आणि तुलसीदासाचा सिंहगडाचा, हे दोन्ही यशाचे पोवाडे आहेत. माघारीचा विषय पोवाड्याच्या घडणीला तसा अवघडच. विसाव्या शतकाच्या आरंभी, नाशिकच्या मित्रमेळ्याच्या वातावरणात वि. दा. सावरकरांनी बाजीप्रभूंवर पोवाडा रचला, तेव्हा त्यापुढचा हेतू पारतंत्र्यातील तरुणांना मरणाला तयार करण्याचा होता. त्या हेतूला मरणारा वीर हवा होता. खिंडीपलीकडची वाट नको होती. त्याच कालखंडात, १९१० मध्ये, अरविंद घोषांचे ‘बाजी प्रभू’ हे इंग्रजी काव्य प्रसिद्ध झाले. मुख्य पराक्रमापलीकडे ऐतिहासिक अचूकता राखण्याचा यत्न केलेला नाही, असे कवीने आरंभीच सांगून टाकले आहे. तेथे स्थळ रांगणा आहे आणि शत्रू मोगल आहेत. स्थळ बदलले, शत्रू बदलला, तरी मरण तेच राहिले, यावरून कवीला प्रसंगातले काय अपरिहार्य वाटले ते दिसून येते.

या दोन रचनांना त्यांच्या काळाचे समर्थन आहे. स्वातंत्र्योत्तर काळातील कथनांना तेवढे समर्थन देता येत नाही. बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘राजा शिवछत्रपती’, रणजित देसाई यांची ‘पावनखिंड’ ही कादंबरी, २०२२ चा ‘पावनखिंड’ हा चित्रपट, या साऱ्यांनी प्रसंग लाखो लोकांपर्यंत नेला. शिवा काशीद या उपेक्षित तरुणाला अलीकडच्या कथनांत अधिक जागा मिळू लागली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु मध्यवर्ती चौकट फारशी हललेली नाही. बाजी हे एकटे, उत्तुंग; बांदल हा पार्श्वभूमीवरचा घोळका; आणि तोफांचा आवाज हा कराराची पूर्तता म्हणून येण्याऐवजी वीराच्या अंतिम क्षणाचे पार्श्वसंगीत म्हणून येतो.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. लोकस्मृतीला चेहरा लागतो. तीनशे जणांची कथा सांगता येत नाही, एकाची येते. मिथक हे निवड करूनच घडते आणि निवड म्हणजे वगळणे. शिवाय बाजी हेच नेते होते, त्यांचा निर्णय होता, तेव्हा केंद्र त्यांच्याकडे जाणे अन्याय्य नाही. हा आक्षेप बराचसा खरा आहे. बाजीप्रभूंचे मोठेपण कमी करण्याचा येथे हेतू नाही. एका माणसाने स्वतःच्या मरणाचा हिशेब दुसऱ्याच्या पावलांनी मोजावा, यापेक्षा मोठे काय असू शकते? पण मुद्दा असा की, त्यांचे मोठेपण त्या मोजणीत आहे. तीच वगळली तर उरतो तो केवळ शूर मृत्यू, आणि शूर मृत्यू तर दोन्ही बाजूंना झाले होते. चेहरा एकच असावा. त्या चेहऱ्याची नजर कोठे लागली आहे हे मात्र कथनाने दाखवले पाहिजे.

५

मरणावरचा हा भर किती खोल गेला आहे, ते एका वेगळ्या उदाहरणावरून पडताळता येते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदीच्या काठी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने हल्ला केला. निमज (ता. संगमनेर) येथील नामदेव जाधव हे तेव्हा कंपनीचे निरोप्ये होते. नदीच्या पूर्वेकडील बांधावर त्यांच्या तुकडीतील बहुतेक जण पडले. जाधवांनी जोराच्या माऱ्यात एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे आणले. पुन्हा जाऊन दुसऱ्यालाही आणले. त्यानंतर ते तिसऱ्यांदा गेले, हाताला जखम झाली असताना हातबॉम्बनी शत्रूची मशिनगनची ठाणी बंद पाडली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणघोषणा देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते १९८४ पर्यंत जगले.

ही काटेकोर अर्थाने पिछाडीची लढाई नव्हे. तरी सोबत्यांना सुखरूप मागे पोचवण्यासाठी स्वतःला माऱ्यात घालणे, हा तिचा गाभा घोडखिंडीशी नाते सांगतो. असे असता मराठी साहित्यात या माणसाला किती जागा आहे? परक्या साम्राज्याच्या झेंड्याखाली तो लढला, हे उपेक्षेचे एक कारण आहे आणि ते समजण्यासारखे आहे. पण दुसरे कारण असे की तो वाचला. त्याच्यामागे चार दशकांचे साधे आयुष्य आहे. मरणाच्या क्षणावर संपणारी कथा लिहायची सवय झालेल्या लेखणीला या आयुष्याचे काय करावे ते सुचत नाही. ज्यांना त्याने पाण्यातून काढले त्यांची कथा तर तिला दिसतही नाही. मरण नसेल तर शौर्य पुरे होत नाही, अशी धारणा ज्या साहित्यदृष्टीत मुरली आहे, तिने स्वतःला काही प्रश्न विचारायला हवेत.

६

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन आकृतिबंधाचा असता, तर तो विद्यापीठाच्या चर्चासत्रात मिटवता आला असता. लाखांदूरसारख्या ठिकाणी तो तसा राहत नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्रकृती दलाचे १५ जवान आणि वाहनाचा चालक असे सोळा जण गेले. त्यांत भंडारा जिल्ह्यातील जवानही होते. त्या दिवशी आणि नंतरही जी भाषा वापरली गेली ती सारी बलिदानाची, हौतात्म्याची, वीरमरणाची होती. त्या घरांविषयीचा आदर म्हणून तिला कोणी नाव ठेवणार नाही. पण रस्त्यात पेरलेला सुरुंग माणसाला थांबण्याचा निर्णय घेऊ देत नाही. कोणाची वाट राखायची हे ठरवायला अवधी देत नाही. घोडखिंडीतील माणसांना तो अवधी होता, आणि त्यांनी निवड केली. या दोन मरणांसाठी एकच शब्द वापरला की दोन्हींवर अन्याय होतो. एकातील निवड दिसेनाशी होते. दुसऱ्यात, ही माणसे त्या रस्त्यावर तशी का गेली, कोणी पाठवली, हा विचारायचा प्रश्न शब्दाच्या तेजाने झाकला जातो. ‘हुतात्मा’ म्हटले की हिशेब विचारणे अनुचित वाटते. ‘कामी आला’ म्हटले की हिशेब विचारावाच लागतो.

घोडखिंडीच्या कथेचे आजच्या वाचकाला असलेले देणे येथे आहे. ती कथा सांगते की मागे राहणाऱ्याचे मरण पुढे जाणाऱ्यावर ऋण ठेवते. महाराजांनी ते तीन प्रकारे फेडले : वेढा फोडून गडावर पोचले, परंपरेनुसार तोफांनी कळवले, आणि बांदलांच्या गोताला मानाचे पहिले पान दिले. ज्यांच्यासाठी कोणी थांबते, त्यांनी पोचावे, कळवावे आणि विसरू नये, ही त्या कथेची नीती आहे. समाजाने फक्त थांबणाऱ्यांचे गुणगान करावे आणि पुढे गेलेल्यांचे कर्तव्य विसरावे, ही सोय त्या कथेने दिलेली नाही. ती नंतरच्या कथनांनी करून घेतली.

अध्यापनात यामुळे काय बदलावे? फार मोठा बदल नको. बाजीप्रभूंचा प्रसंग शिकवताना पोवाडा, बखर, करीना आणि कादंबरी शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकात बांदल किती येतात, विशाळगडाची लढाई किती येते, तोफांना कोणता अर्थ दिला जातो, हे विद्यार्थ्यांना मोजायला लावावे. तानाजी, मुरारबाजी आणि बाजीप्रभू यांच्या कृत्यांतला भेद एका शब्दाखाली दडपू नये. झाडीपट्टीतील महाविद्यालयांना तर आणखी एक संधी आहे. येथील ऐतिहासिक नाटकांच्या संहिता, त्यांतील बोली, प्रयोगात भर घातले जाणारे प्रसंग आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यांची पद्धतशीर नोंद झाली, तर छापील साहित्याने वगळलेले काही रंगमंचावर टिकले आहे का, हे पडताळता येईल. पिढ्यान् पिढ्या सह्याद्रीपासून दूर राहूनही ज्या प्रेक्षकाने ही कथा आपली मानली, त्याने तिच्यात काय पाहिले, हे शोधणे मराठी विभागांचे काम आहे.

‘कामी येणे’ हा प्रयोग आजच्या मराठीतून लढाईपुरता लुप्त झाला आहे. पण रोजच्या बोलण्यात तो अजून जिवंत आहे : अडीअडचणीला जो धावून येतो, तो कामी येतो. शेजारी कामी येतो, भाऊ कामी येतो, कर्जाऊ दिलेले धान कामी येते. घोडखिंडीतील तीनशे जण त्याच साध्या अर्थाने कामी आले. त्यांना पहिले पान देणाऱ्या काळाला तो अर्थ ठाऊक होता. मराठी साहित्यविचाराने तो पुन्हा हाती घेतला, तर बाजीप्रभूंची उंची तसूभरही घटणार नाही. त्यांच्या मागे उभी असलेली माणसे मात्र दिसू लागतील, आणि समोरच्या वाटेने गेलेलीही.